तकियावरचा गळका तांब्या

हे कुणाला सांगायचं नाही, असं वेशीवरच्या तकियात राहणाऱ्या फकीरबाबांनी मला बजावलं होतं. पण गावात ही गोष्ट आता इतक्या तऱ्हांनी फिरते आहे की खरी कुठली ते कुणालाच ओळखू येणार नाही. कुणी म्हणतं, बाबांनी शिरीषदादाला शाप दिला. कुणी म्हणतं, दादानं बाबांचे पाय धरले. यातलं काहीच झालं नाही. तकियावरचा रांजण भरायचं काम आमच्या घराकडे आहे. त्या दिवशी भरून झाल्यावर आवाज चढलेले ऐकले आणि मी रांजणामागेच बसून राहिले. म्हणून जसं झालं तसं, इथंच पायरीवर बसून लिहिते.

"मग हे पत्रे कुणी दिले, बाबा?"

शिरीषदादानं पायऱ्या चढता चढताच विचारलं. आधी सलाम नाही, तब्येत विचारणं नाही.

बाबालाल फकीर ओट्यावर बसून मोरचेलाची विस्कटलेली पिसं सारखी करत होते. त्यांनी मान वर केली. तकियाच्या छपरावरचे नवे निळे पत्रे उन्हात चकाकत होते.

"तात्यांनी," ते म्हणाले.

"आणि तुम्ही घेतले."

"पाऊस माझ्या डोक्यावर पडतो, शिरीष. तात्यांच्या नाही पडत."

दादा तिथंच थांबला. हे असलं उत्तर ऐकायला तो आला नव्हता. त्याला 'नाही' ऐकायचं होतं, किंवा मग सरळ 'हो'.

नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीचा प्रचार त्या संध्याकाळी संपणार होता. तात्या हुलवान आधी दोनदा निवडून आलेले, आता तिसऱ्यांदा उभे. समोर शिरीष तोडकर, म्हणजे आमचा शिरीषदादा. पुण्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून तो गेल्या निवडणुकीला आला आणि पडला. या वेळी पडलो तर घराला कुलूप लावून जायचं, असं त्यानं आईला सांगून ठेवलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. उमेदवार कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही जातीधर्माचा असो, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी तो वेशीवरच्या तकियावर येतो. रांजणातलं पाणी पितो. बाबा त्याच्या डोक्यावरून मोरचेल फिरवतात. तात्या सकाळीच येऊन गेले होते. त्यांच्या डोक्यावर मोरचेल जरा जास्त वेळ रेंगाळला, अशी खबर दादाच्या प्रचारातल्या पोरांनी पळत जाऊन दादाला दिली होती.

आणि वर हे पत्रे.

दादाच्या तोंडात एक वाक्य सकाळपासून घोळत होतं. संध्याकाळच्या सभेत ते म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं. 'तकिया विकला गेला.' एवढंच. पुढचं गावानं समजून घ्यायचं.

पण वडील गेल्यावर शाळा सुटली की तो याच ओट्यावर बसायचा. इथंच झोपून जायचा, इथल्याच भाकरीचा तुकडा खायचा. खोटं बोलू नये हे तो इथंच शिकला. म्हणून बोलायच्या आधी एकदा समोरासमोर विचारावं, असं त्याच्या मनात आलं असावं.

"तात्यांना मत द्या, असं सांगता का लोकांना?"

"मला कुणी विचारत नाही."

"मग का देतात?"

बाबांनी आणखी एक पीस सरळ केलं.

दादानं सगळं काढलं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. शाळेपुढचं गटार उघडं. बाजारातले गाळे भाच्याच्या घशात. घरोघर जाऊन हे सांगितलं की लोक मान डोलावतात, चहा पाजतात, 'या वेळी बदल पाहिजे' असंही तेच म्हणतात. आणि पेटी उघडली की मतं तात्यांची.

"हे आपोआप होत नाही, बाबा. कुणीतरी त्यांच्या कानात सांगतंय. कोण सांगतंय?"

बाबांनी त्याच्याकडे निरखून बघितलं.

"तहान लागली आहे?"

"नाही."

"मग बस. लागेपर्यंत बस. बोलायचं नाही. नुसतं बघायचं."

दादाला वाटलं, आपल्याला इथं अडकवून ठेवायचा हा डाव आहे. शेवटचा दिवस, एकेक घर मोलाचं, आणि आपण ओट्यासमोरच्या चिंचेखाली बसायचं. रांजणामागे कुणीतरी लपलंय, असंही त्याला वाटलं. तो तसा संशयीच झाला होता त्या दिवसांत, हे पुढं त्यानंच सांगितलं. रांजणामागचं मात्र खरं होतं.

तरी तो बसला. बाबांनी सांगितलेलं मोडायची सवय त्याला नव्हती.

रांजणावर साखळीला दोन तांबे टांगलेले असतात. एक जुना, पितळेचा, काळवंडलेला. त्याच्या बुडाला भोक आहे. दादा पुण्यात असताना कधीतरी पडलं ते. गावातल्या माणसाचं मधलं बोट बरोबर त्या भोकावर बसतं, आणि तो वरून धार धरून आरामात पाणी पितो. दादाला हे ठाऊक नव्हतं. गेल्या निवडणुकीत पांढरेशुभ्र कपडे घालून तो परतल्यावर पहिल्यांदा इथं आला, तांब्या उचलला, आणि कोपरापासून कमरेपर्यंत भिजला. पारावरची माणसं हसली. तात्यांची नव्हे, त्याचीच माणसं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं स्टीलचा नवा कोरा तांब्या आणून टांगला. त्यावर मशिनीनं नाव घालून आणलं होतं. 'शिरीष तोडकर यांजकडून सप्रेम भेट.'

आता चिंचेखालून तो बघत होता.

बंडू शेट्यानं रिक्षा थांबवली, पाणी प्याला, गेला. कॉलेजची दोन पोरं आली. एक नवरा-बायको आली, त्यांच्या कडेवर लहान मूल होतं. एक मास्तर आले. प्रत्येकाचा हात जुन्या तांब्याकडे गेला. प्रत्येकाचं बोट बुडाखाली गेलं. ज्यानं मुलाला पाणी पाजलं त्यानंसुद्धा एका हातानं मुलाचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट भोकावर ठेवलं.

नवा तांब्या वाऱ्यानं आपला गोल फिरत होता. नाव दिसायचं, जायचं. पुन्हा दिसायचं.

बाबांनीच यांना सांगितलेलं असणार, नवा वापरू नका म्हणून. दुसरं काय कारण असेल?

कचेरीतला शिपाई आला तेव्हा दादाच्यानं राहवेना. बोलायचं नाही हे विसरून, नवा का घेतला नाहीस, असं त्यानं विचारलंच. शिपायानं रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर टाकली आणि म्हणाला की मी यांचं पाणी पीत नाही आणि त्यांचंही नाही, मी आपला रांजणाचं पितो. एवढं बोलून तोंड पुसायलाही न थांबता तो सटकला.

मग हौसामावशी आली. बाजारात भाजी विकते ती. रिकामी पाटी खाली ठेवून तिनं जुन्या तांब्यानं पोटभर पाणी पिऊन घेतलं.

"मावशी, नवा का नाही घेतला?" दादानं विचारलं.

"त्यावर नाव हाय न्हवं तुमचं."

"असेना का."

"पाणी पिताना नाव वाचाय लागतं. मला वाचता येत न्हाई म्हना. पर नाव हाय, एवढं कळतंय."

दादा हसला नाही. तो उठून तिच्याजवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक खरं सांगाल? तात्या चोर आहे, हे पटतं ना तुम्हाला?"

"व्हय की. न पटायला काय झालं."

"आणि मत?"

मावशीनं आधी रस्त्याकडे बघितलं. मग बाबांकडे. बाबांचे डोळे मिटलेले होते. ते झोपले नव्हते हे मला ठाऊक होतं, मावशीलाही असावं.

"कुनाला सांगनार न्हाई न्हवं?"

"नाही."

"बाजारातला माझा कट्टा तात्यानं मोडला. भाच्याला गाळा काढून दिला थितं. ते समद्या गावानं बघितलं. फुडं सुनेचं नाव रेशनकार्डावर चढंना, म्हनून गेले त्याच्या दारात. मला बघितलं आन् त्यानं मान खाली घातली." मावशी जरा थांबली. "मान खाली हाय तवर काम सांगून टाकलं. झालं चार दिसांत."

"मग माझ्या दारात या की. मी तर कट्टाही मोडला नाही तुमचा."

"तेच की हो. तुमच्या दारात आले तर तुमी सरळ डोळ्यांत बघनार. तुमचं काय चुकलंच न्हाई. मग माझंच काय चुकलं असंल, ते हुडकत उभं ऱ्हायचं व्हय?"



मावशीनं पाटी काखेत मारली. जाता जाता वळून म्हणाली, "पर मत तुमालाच हाय बरं का."

सकाळी ती तात्यांनाही हेच म्हणाली होती. मी ऐकलं होतं.

ती वळणाआड गेली तसा दादा तरातरा ओट्याजवळ आला.

"भोक बुजवून का घेत नाही तुम्ही?"

बाबांनी डोळे उघडले.

"घेतलं होतं एकदा."

"मग?"

"त्या दिवशी माणसं पाणी न पिताच गेली."

"का?"

"आज हा गळत कसा नाही, म्हणाले."

बाबांनी अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं होतं.

"खरंच?"

"काहींनी वास घेऊन बघितला. काहींनी रांजणात डोकावून बघितलं. एक म्हातारा तर दिवसभर समोर बसून राहिला, आधी कोण पितंय ते बघायला." बाबांनी मोरचेलातलं एक मोडकं पीस उपटून बाजूला ठेवलं. "संध्याकाळी मी भोकावरचा कथलाचा डाग काढून टाकला."

"म्हणजे लोक वेडे आहेत."

"तू बोललास. बोलायचं नाही ठरलं होतं. जा, बस."

तो पुन्हा चिंचेखाली गेला. पण आता त्याचं बघण्यात लक्ष नव्हतं. बाबा आपली थट्टा करताहेत, वेळ काढताहेत, तात्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं चाललंय, असं तो मनाशी जुळवत होता. जुळत होतं सगळं. पत्रे जुळत होते, मोरचेल जुळत होता, शिपायाची भेदरलेली नजर जुळत होती. हौसामावशी तेवढी कुठं बसत नव्हती. तिला त्यानं बाजूला ठेवलं.

ऊन उतरलं. खाली रस्त्यावर त्याच्या पोरांनी जीपचा हॉर्न वाजवायला सुरुवात केली. सभेची वेळ होत आली होती.

दादा उठला. ओठ हलत होते त्याचे. 'तकिया विकला गेला.' कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठल्या शब्दावर आवाज चढवायचा, ते तो बसवत होता. घशाला कोरड पडली होती. त्याच नादात तो रांजणापाशी आला, मला न बघताच त्यानं हात लांबवला, तांब्या बुडवला, वर केला आणि घटाघटा पाणी प्याला.

"नवा शेजारीच होता," बाबा म्हणाले.

दादाचा हात थांबला.

त्याच्या हातात पितळेचा तांब्या होता. मधलं बोट बुडाखाली, भोकावर. बाही कोरडी होती. कोरडी ठणठणीत.

...

तो स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला. कुणी त्याच्या कानात काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

त्यानं तांब्या हळूच साखळीला सोडला. ओट्यासमोर येऊन गुडघे टेकले आणि डोकं पुढं केलं. "मोरचेल फिरवा, बाबा. उशीर होतोय."

बाबांनी मोरचेल बाजूला ठेवला. ते उठले, साखळीचा स्टीलचा तांब्या सोडवला आणि परत येऊन मांडीवर पालथा घातला. कोनाड्यात हात घालून त्यांनी एक खिळा काढला, एक दगड काढला. खिळ्याचं टोक तांब्याच्या बुडावर टेकवलं.

"कुठं पाडू?"

"काय?"

"भोक. कुठं पाडू, तू सांग."

दादा हसायला गेला. बाबा हसत नव्हते.

"नवा आहे तो, बाबा. काही दोष नाही त्यात."

"तेच ना. बोट कुठं ठेवायचं ते कळत नाही माणसांना."

त्यांनी दगड उचलला. खालून हॉर्न वाजत होता. सप्रेम भेट हे शब्द बाबांच्या गुडघ्यावर उलटे दिसत होते. दगड आणखी वर गेला, आणि हा म्हातारा खरंच मारणार, हे दादाला कळलं.

"थांबा."

दगड थांबला. खाली मात्र आला नाही.

"आज सभेत तुमचं नाव घेणार होतो," दादा म्हणाला. "तकिया विकला गेला, असं सांगणार होतो."

"पुरावा होता?"

"नाही."

"मग?"

"मतं त्यांना का पडतात ते कळत नव्हतं. तुमच्यामुळे पडतात असं धरलं की..." त्यानं पालथ्या तांब्याकडे बघितलं. "मला का पडत नाहीत, ते बघावं लागत नव्हतं."

आणि त्यानं मान खाली घातली.

शिरीषदादाला मान खाली घातलेलं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. प्रचारात नाही, गेल्या वेळी पडला तेव्हाही नाही.

बाबांनी खिळा आणि दगड कोनाड्यात परत ठेवला. नवा तांब्या घेऊन ते रांजणापाशी आले. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. तांब्या बुडवला, वर काढला, आणि धड नव्या बुडाखाली मधलं बोट नीट दाबून धरून ते सावकाश पाणी प्याले. मग तोंड पुसलं. दादाची मान अजून खालीच होती.

"शाळेपुढच्या गटारावर फरश्या नाहीत," बाबा म्हणाले. "पोरी पडतात. मत कुणालाही पडो, तेवढं करून दे."

दादा सभेला गेला. तिथं तो तकियाबद्दल अक्षर बोलला नाही. तात्या तिसऱ्यांदा निवडून आले. दादाच्या घराला कुलूप लागलं नाही, आणि गुलाल धुऊन जायच्या आत शाळेपुढं फरश्या पडल्या. त्यांच्यावर कुणाचंही नाव नाही. आता कधीमधी कुणीतरी नवा तांब्याही उचलतं. तळाला ओल्या बोटांचे ठसे असतात, ते मला भरताना दिसतात.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. त्या दिवशी सकाळी तात्या आले होते तेव्हाही मी रांजणामागेच होते. मोरचेल त्यांच्या डोक्यावर खरंच जास्त वेळ राहिला होता. तात्यांनी मान खाली घातली होती, आणि ती खाली होती तेवढ्यात बाबा वाकून हळूच त्यांच्या कानाशी म्हणाले की

"पोरी," बाबांनी आत्ता ओट्यावरून हाक मारली, "रांजण तळाला गेलाय."